संकल्पातील ‘अमुक’

भाद्रपद शुद्ध चतुर्थीची सकाळ म्हणजे घरोघरी धांदलीची सकाळ. मखराची एक बाजू अजून डुगडुगत असते, दूर्वांची जुडी एकवीसांची झाली की नाही याचा निर्णय लागलेला नसतो, स्वयंपाकघरात मोदकांची उकड निवू पाहते आणि गुरुजींना पुढची कित्येक घरे घ्यावयाची असतात. अशा गडबडीत यजमान पाटावर बसतो, आचमन करतो, उजव्या हातात पाणी घेऊन गुरुजींच्या मागून काहीतरी पुटपुटतो. ते पाणी ताम्हनात सुटले की त्यास हायसे वाटते. आता कोठे पूजा सुरू झाली अशी त्याची समजूत असते. आमचीही अनेक वर्षे याच समजुतीत गेली.

त्या पुटपुटण्यास देशकालोच्चार म्हणतात. पूजेच्या संकल्पाचा तो आरंभ होय. त्याची रचना मोठी विलक्षण आहे. प्रारंभ होतो तो ब्रह्मदेवाच्या आयुष्याच्या उत्तरार्धापासून. मग श्वेतवाराह कल्प, म्हणजे पुराणांच्या गणनेने ४३२ कोटी वर्षांचा काळ. त्यातील वैवस्वत मन्वंतर, त्यातील कलियुग, त्याचा पहिला चरण. तिकडे जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य आणि आपल्याकडे बहुधा गोदावरीचे दक्षिण तीर. पुढे शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. इतक्या अफाट विस्तारातून उतरत उतरत वाणी शेवटी येऊन थांबते ती पाटावर बसलेल्या एका माणसाच्या गोत्रापाशी आणि नावापाशी. या ठिकाणी, या दिवशी, मी. देवाला आवाहन करण्यापूर्वी, प्राणप्रतिष्ठेच्याही आधी, यजमानाने स्वतः तेथे हजर असले पाहिजे, अशीच ही योजना आम्हांस दिसते.

वर्तमान क्षणी सावध राहण्याचा अभ्यास अलीकडे ‘माइंडफुलनेस’ या नावाने सर्वत्र चर्चिला जातो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात डॉ. जॉन कबॅट-झिन यांनी १९७९ साली त्याचे वर्ग रुग्णांसाठी सुरू केले. त्याचे मूळ बौद्ध साधनेतील ‘सति’ या शब्दात आहे, आणि ‘सति’ म्हणजे संस्कृतातील ‘स्मृति’च. आपल्या मराठीत त्यासाठी ‘अवधान’ हा सुरेख शब्द आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या प्रारंभी माउली श्रोत्यांकडे दुसरे काही मागत नाहीत, एवढे अवधानच मागतात. त्याच ग्रंथाच्या अखेरीस, पसायदानानंतर, युग कोणते, देश कोणता, गोदावरीचे तीर कोणते, राज्य कोणाचे, याचा उच्चार आहे. शके १२१२ मधील तो एका परीने देशकालोच्चारच होय.

हे सारे आज आम्ही लिहीत आहोत. पण कळले ते फार उशिरा, आणि तेही पोथीतून नव्हे.

२०२० सालचा, शार्वरी नाम संवत्सरातील तो गणेशोत्सव. साथीमुळे गुरुजी येणे शक्य नव्हते. आम्ही पोथी समोर ठेवून पूजेस बसलो. मातोश्री शेजारी खुर्चीवर दूर्वांचे तबक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. छापील पोथीत संवत्सर, वार, नक्षत्र, गोत्र, नाव या जागी ‘अमुक’ असे छापलेले असते. ज्याने त्याने तेथे आपापले घालावयाचे. आम्ही खाली मान घालून भराभर वाचत सुटलो. अमुक नाम संवत्सर, अमुक वार, अमुक गोत्र.

‘‘अरे, हा अमुक कोण?’’ मातोश्रींनी विचारले. ‘‘पाटावर तूच बसला आहेस ना? आणि वार कोणता आहे आज?’’

सांगावयास संकोच वाटतो, पण आम्हांस वार आठवेना. घरात कोंडलेल्या त्या महिन्यांत सगळे वार सारखेच झाले होते, आणि चित्त सकाळच्या बातम्यांतील आकड्यांत गुंतलेले होते.

‘‘शनिवार,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुन्हा म्हण. सावकाश म्हण.’’

पुन्हा पाणी घेतले. या वेळी पंचांग उघडून एकेक शब्द भरला. पाण्याचा गारवा तळहाताला जाणवला. मातोश्रींचे ओठ हलत होते. आमचे गोत्र आणि नाव त्याही आमच्याबरोबर उच्चारीत होत्या.

त्या माघात त्या गेल्या. त्या दिवसातील एवढी पाच-सात मिनिटेच आमच्याजवळ लख्ख उरली आहेत. त्या दुपारी किती जेवल्या, मोदक त्यांना आवडला का, आरतीला उभ्या राहिल्या की बसूनच टाळ्या वाजवल्या, यातले काही म्हणता काही आठवत नाही. आम्ही त्याच घरात होतो, त्यांच्या पंक्तीला होतो. तरीही नव्हतो.

संवत्सरांचे चक्र ६० वर्षांचे. शार्वरी पुन्हा येईल ती शके २००२ मध्ये, म्हणजे २०८० साली. त्या नावाचा उच्चार करावयास आम्ही नसणार. चतुर्थीच्या संकल्पात मास, पक्ष, ऋतू तेच असतात, पण संवत्सर दरवर्षी नवे असते, वार आणि नक्षत्रही पाहावे लागते. तिथीचे तर मानच बदलते. कधी ती २० तासांच्या आसपास सरते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. म्हणून हा एवढा भाग सवयीने म्हणता येत नाही. त्या दिवशी त्या दिवसाचे पंचांग उघडावेच लागते. सोळा उपचार आणि एकवीस पत्री यथासांग होवोत न होवोत, ज्यांना वेळ नाही त्यांनी निदान येथे घाई करू नये, असे आमचे मत आहे.

आता आम्ही तृतीयेच्या रात्रीच पंचांग घेऊन बसतो आणि पोथीतील प्रत्येक ‘अमुक’च्या वर शिसपेन्सिलीने त्या वर्षीचे शब्द लिहून ठेवतो. २०२५ साली विश्वावसू लिहिले, बुधवार लिहिला. आधीच्या वर्षीचे खोडून त्याच जागी नवे लिहावयाचे असते. तेथला कागद आता पातळ झाला आहे. गोत्र आणि नाव मात्र आम्ही लिहीत नाही. ती जागा कोरीच ठेवली आहे.