लिंबा-संत्र्याचा सुवास आणि आपली त्वचा



सकाळपासून रात्रीपर्यंत आपल्या घरात लिंबा-संत्र्याचा वास कशाकशातून येतो, हे एकदा मोजून पाहा. भांड्यांचा साबण, फरशी पुसायचे लिक्विड, शाम्पू, हातांचे क्रीम, संडासात टांगायची वडी, विजेच्या प्लगला लावायचा सुगंध. लिंबाचा वास आला की जागा स्वच्छ झाली असे मनाला वाटते. बाटलीवर फळाचे चित्र असले की माल निर्धोक असेल असेही वाटते. पुष्कळ भगिनी मला विचारतात, "सिस्टर, हे तर नैसर्गिक आहे, याने काय होणार?"

बहुतेकांना काहीच होत नाही, हे आधी सांगते. पण ज्यांना त्रास होतो, त्यांना महिनोन् महिने कारण सापडत नाही. मलमे बदलत राहतात आणि कारण सिंकजवळच्या बाटलीत बसलेले असते. म्हणून आजचा हा विषय.

वास येतो कुठून?

संत्र्याची साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दुमडून पिळली की ठिणग्या उडतात. लहानपणी आपण सर्वांनी हा खेळ केला आहे. सालीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात, ते तेल पेट घेते. संत्र्याच्या या तेलात शंभरातले नव्वदहून अधिक भाग एकाच पदार्थाचे असतात. त्याचे नाव लिमोनीन. लिंबाच्या तेलात लिमोनीनबरोबर सिट्रल असते, त्यामुळे लिंबाचा वास वेगळा येतो. लिमोनीन तुपकटपणाही विरघळवते, म्हणून साफसफाईच्या वस्तूंत ते वासासाठी आणि कामासाठी, दोन्हीसाठी घालतात.

हवा लागली की गुण बदलतो

ताजे, शुद्ध लिमोनीन त्वचेला फारशी ॲलर्जी करत नाही. पण हवेतला प्राणवायू लागत राहिला की त्याचे हायड्रोपेरॉक्साइड नावाचे पदार्थ बनतात, आणि ॲलर्जी करतात ते हे. उघडे तेल खवट होते, तसाच हा प्रकार. फक्त खवट तेल नाकाला कळते, हे कळत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक देशांतल्या त्वचारोगाच्या दवाखान्यांत सुमारे २,९०० रुग्णांची या पदार्थासाठी पॅच टेस्ट केली. शंभरात पाचजणांना ॲलर्जी निघाली. हे आधीच त्वचेची तक्रार घेऊन आलेले रुग्ण होते, सर्वसाधारण माणसे नव्हेत, हे लक्षात ठेवावे. तरी आकडा लहान नाही.

दोन गोष्टींमुळे ही ॲलर्जी ओळखू येत नाही. एक, पुरळ लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठते. तोवर आपण काय वापरले ते विसरलेलो असतो. दुसरी, तीच वस्तू दहा वर्षे सुखाने वापरूनही अकराव्या वर्षी ॲलर्जी होऊ शकते. "हे तर मी नेहमीच वापरते" या बोलण्याला इथे अर्थ नाही. आणि एकदा झाली की ती बहुधा जन्मभर सोबत राहते.

आपल्या वयात त्वचा पातळ आणि कोरडी होते, तिला बारीक भेगा पडतात, मग बाहेरचे पदार्थ सहज आत शिरतात. बोटांच्या बेचक्यांत खाज आणि भेगा असतील तर भांड्यांच्या साबणाचा विचार करा. काखेत पुरळ असेल तर डिओडरंटचा, कानामागे आणि मानेवर असेल तर शाम्पूचा.

उन्हाशी वैर

तापात कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवलेल्या आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ साली फारिना घराण्याने व्यवसाय सुरू केला, तेथून या सुगंधाची कीर्ती पसरली. त्यात बर्गमॉट नावाच्या फळाच्या सालीचे तेल असते. या तेलात बर्गॅप्टेन नावाचा पदार्थ असतो. तो त्वचेवर असताना ऊन लागले तर त्वचा भाजल्यासारखी लाल होते आणि मग तपकिरी डाग राहतात. कोलनवॉटर मानेवरून ओघळते, तसाच लांबट डाग उमटतो. १९२५ साली रोझेन्थाल या डॉक्टरांनी त्याला बर्लॉक, म्हणजे गळ्यातले लोलक, असे नाव दिले.

हल्ली सुगंधाच्या व्यवसायात या तेलाच्या प्रमाणावर मर्यादा आहे आणि बर्गॅप्टेन काढलेले तेलही मिळते. धोका उरतो तो घरगुती उपायांत. डाग जावेत म्हणून चेहऱ्यावर लिंबू चोळणे, "नैसर्गिक" म्हणून मिळणारे लिंबाचे तेल हातापायांना लावणे, किंवा अंगणात बसून ढीगभर लिंबे पिळणे, आणि मग इस्राएलच्या उन्हात फिरणे. एक-दोन दिवसांनी फोड येतात, डाग कित्येक आठवडे जात नाहीत. गोड संत्र्याच्या तेलाने मात्र उन्हाचा हा त्रास होत नाही.

श्वासाचे काय?

हवेतल्या ओझोनशी लिमोनीनचा संयोग झाला की फॉर्माल्डिहाइड आणि अतिशय बारीक कण तयार होतात. खिडक्या उघड्या असतील तर ते साचून राहत नाहीत. पण दमा किंवा जुनाट खोकला असलेल्यांनी झोपायच्या खोलीत प्लगचा सुगंध लावू नये. ममादमध्ये तर कोणीच लावू नये. तिथे दार आणि खिडकी बंद करून अनेकांना एकत्र बसावे लागते.

गोळ्या आणि ग्रेपफ्रूट

ग्रेपफ्रूट खाल्ल्याने काही गोळ्यांचे रक्तातले प्रमाण वाढते; कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिन आणि ॲटोर्वास्टॅटिन त्यांपैकीच. पण हे फळ खाल्ल्याने किंवा रस प्यायल्याने होते. साबणाच्या वासाने गोळ्यांवर परिणाम होत नाही, ती काळजी करू नये.

आता काय करावे?

१. बाटलीचे झाकण घट्ट लावा, ती सावलीत ठेवा. साबण वाटीत ओतून दिवसेंदिवस उघडा ठेवू नका. जुनी, अर्धी राहिलेली तेले आणि अत्तरे टाकून द्या.

२. लेबल वाचा. युरोपमध्ये २००५ पासून सौंदर्यप्रसाधनांवर ॲलर्जी करणाऱ्या २६ पदार्थांची नावे ठराविक प्रमाणापुढे छापावी लागतात, आणि २०२३ च्या नियमाने ही यादी ८० च्या वर गेली आहे. लिमोनीन, सिट्रल, लिनालूल ही नावे इंग्रजीत बारीक अक्षरांत असतात. नातवंडांना मोबाइलवर फोटो काढून मोठे करून दाखवायला सांगा.

३. त्वचेची तक्रार असेल तर "लेलो बोसेम" लिहिलेली वस्तू घ्या. "नैसर्गिक" या शब्दावर जाऊ नका.

४. भांडी घासताना हातमोजे घाला, आत सुती मोजे असल्यास उत्तम.

५. पुरळ दोन-तीन आठवड्यांत गेले नाही तर कुपत खोलीमच्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि पॅच टेस्टबद्दल विचारा. पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढतात आणि पुढे पुन्हा एकदा पाहतात. सुई टोचत नाहीत. जाताना घरातल्या बाटल्या किंवा त्यांचे फोटो न्या.

६. सुगंधी तेलाच्या बाटल्या नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. कोणी तेल प्यायले तर उलटी करवू नका, तेल फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. लगेच १०१ ला फोन करा.

संत्री खा, लिंबाचे सरबत प्या, एत्रोगचा वास घ्या. फळाशी आपले काही भांडण नाही. फक्त अंगाला खाज सुटली तर डॉक्टरांच्या मलमाबरोबर सिंकजवळच्या बाटल्याही तपासून पाहा.