विश्लेषण : रस्सीखेच हातांनी जिंकतात की पायांनी?

स्वातंत्र्यदिनी झेंडावंदन आटोपले की नवी मुंबईतील अनेक गृहसंकुलांत ‘ए विंग विरुद्ध बी विंग’ रस्सीखेच रंगते. ऐन पावसाळा, पेव्हर ब्लॉकवर शेवाळ आणि पायांत चपला. अशा वेळी दंडाने भक्कम दिसणारा संघच घसरत रेषेपलीकडे जातो. असे का होते?

दोरी कोणाच्या बाजूने असते?

कोणाच्याच नाही. दोरी हलकी असल्याने तिच्यातील ताण दोन्ही टोकांना जवळपास सारखाच असतो. ‘अ’ संघाला जेवढी ओढ जाणवते, तेवढीच ‘ब’ संघालाही. दोन्ही संघ ३,५०० न्यूटन जोर लावत असतील, तर ताण ३,५०० न्यूटनच असतो, ७,००० नाही. एका संघाऐवजी दोरी झाडाला बांधली, तरी समोरच्यांना फरक कळणार नाही.

मग निकाल कशावर लागतो?

जमिनीवर. खेळाडू पायाने जमीन पुढे रेटतो आणि जमीन त्याला मागे ढकलते. हा धक्का घर्षणातून मिळतो आणि घर्षणाला मर्यादा असते : वजन गुणिले घर्षणाचा गुणांक. सरासरी ७५ किलोच्या आठ जणांचे वजन सुमारे ५,९०० न्यूटन. कोरड्या जागी गुणांक ०.६ धरला, तर संघ सुमारे ३,५०० न्यूटनपर्यंत टिकतो. शेवाळावर तो ०.३ झाला, की मर्यादा निम्म्यावर. म्हणजे पार्किंगच्या छताखाली कोरड्यात उभा असलेला ५०० किलोचा संघ बाहेर ओल्यात उभ्या ७०० किलोच्या संघाला आरामात ओढून नेईल. त्यामुळे नाणेफेकीत बाजू निवडायला मिळाली, तर आधी फरशी पाहावी!

वजनाचे महत्त्वही याच सूत्रात आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आठ जणांच्या संघाचे एकूण वजन ठरवून ६४० किलो, ७२० किलो असे गट पाडतात. हा खेळ १९०० ते १९२० दरम्यान ऑलिम्पिकमध्येही होता.

मागे झुकायचे कशाला?

सरळ उभ्या माणसाला छातीच्या उंचीवरची ओढ पुढे पाडते. मागे झुकल्याने शरीराचा भार पायांच्या मागे जातो आणि तो ही ओढ तोलून धरतो. मातीच्या मैदानात टाच रुतवता येते; तिथे पायाला पायरीच मिळते आणि घर्षणाचे साधे गणित मागे पडते. पेव्हर ब्लॉकवर ती सोय नाही. तिथे फार झुकलेला खेळाडू घसरला, की थेट पाठीवर आपटतो.

धोका कुठे आहे?

‘आता सगळेच या’ म्हणत होणाऱ्या शेवटच्या फेरीत. वरच्या हिशेबाने कोरड्या जागी एक जण सुमारे ४५ किलोच्या वजनाइतकी ओढ देतो. एका बाजूला ८० जण लागले, तर सर्वांचा जोर दोरीच्या मध्यावर एकवटतो : साडेतीन टनांहून अधिक. मंडपाची जुनी दोरी यासाठी नसते. त्यातही नायलॉन ताणले जाते, रबरासारखी ऊर्जा साठवते आणि तुटताच चाबकासारखे उलटे येते. तैपेई येथे ऑक्टोबर १९९७ मध्ये दीड हजारांहून अधिक लोक ओढत असताना दोरी तुटली आणि दोघांचे हात तुटले. ते शस्त्रक्रियेने पुन्हा जोडावे लागले. दोरी मनगटाला गुंडाळली किंवा कमरेला गाठ मारली, तर ऐन वेळी ती सोडता येत नाही. म्हणून ती नुसती मुठीत धरायची, आणि मुलांना दोरीच्या रेषेत उभे राहून टाळ्या वाजवू द्यायच्या नाहीत.