निपाणी : एका बाजारपेठेचा ताळेबंद

निपाणी म्हटले की बाहेरगावच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात : तंबाखू आणि सीमाप्रश्न. कॉलेजात येईपर्यंत मलाही याहून फारसे ठाऊक नव्हते. परंतु बाजारपेठ म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल, तर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पुस्तक मिटून एकदा निपाणीत फेरफटका मारावा.

कोल्हापूरहून सुमारे ४० आणि बेळगावहून सुमारे ७५ किलोमीटरवर, पुणे-बंगळूर महामार्गालगत हे गाव आहे. मराठीत आपण 'निपाणी' लिहितो, कन्नडमध्ये तेच 'निप्पाणी' होते. उत्तर पेशवाईतील सरलष्कर सिद्धोजीराव निंबाळकर ऊर्फ आप्पासाहेब निपाणकर यांच्या काळात गाव नावारूपाला आले. त्यांचा वाडा आजही पाहण्याजोगा आहे. १८३९ साली त्यांचे निधन झाले आणि सत्ता इंग्रजांकडे गेली. पुढे एप्रिल १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मुंबई प्रांतिक बहिष्कृत परिषद येथेच भरली. जवळच तवंदी घाटापाशी स्तवनिधी हे जैनांचे प्रसिद्ध क्षेत्र आहे.

पण गावाचे खरे वैभव वखारींत. विडीच्या तंबाखूची ही मोठी पेठ. पावसाळा सरता सरता लावण, मग शेंडा खुडणे, फुटवे काढणे, कापणी आणि उन्हात वाळवण, असा शेतकऱ्याचा अर्धा वर्षभर घाम गाळून झाला की माल वखारीत येतो. तेथे बायका तो कुटतात, चाळतात, देठ-काडी वेगळी करतात. माझी आजी अशाच एका वखारीत होती. ती घरी आली की अंगणातच लुगडे झटकी, आणि आम्ही पोरे शिंकत आत पळत असू. तिचा खोकला मात्र घरात तिच्याबरोबरच येई.

खर्चाचा हिशेब आम्हाला वर्गात शिकवतात. त्यात कच्चा माल असतो, मजुरी असते, नफा असतो. मात्र भाव कोण ठरवतो, हा प्रश्न निपाणीने रस्त्यावर विचारला. मार्च १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक रास्त भावासाठी बैलगाड्यांसह महामार्गावर बसले. ६ एप्रिल रोजी पोलिसांच्या गोळीबारात १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. त्याच सुमारास प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने वखारीतील स्त्रिया संघटित झाल्या. युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ साली त्यांच्या लढ्यावर माहितीपट काढला.

आता सीमेविषयी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालात ती महाराष्ट्राला द्यावी असे म्हटले होते. त्या अहवालाची अंमलबजावणी झाली नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. गावाला लागून असलेले अर्जुननगर येथील देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात, आणि निपाणी कर्नाटकात! विद्यार्थी रोज चालत राज्य ओलांडतात.

माझे शिक्षण मराठीत झाले, व्यवहार दोन्ही भाषांत चालतो. आपली भाषा कोणाला प्रिय नसते? पण आजीच्या वखारीत मराठी बोलणाऱ्या बायका होत्या तशा कन्नड बोलणाऱ्याही होत्या, आणि तंबाखूची धूळ दोघींच्या छातीत सारखीच जाई. महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्यांनाही एकच भाव हवा होता.

आज ऊस आणि सोयाबीन यांनी तंबाखूची बरीच जागा घेतली आहे. पिके बदलतील, बाजार बदलेल. परंतु ताळेबंद लिहायला बसणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी : वहीत मजुरीचा एकच आकडा असतो. त्या आकड्यामागे कोणाची तरी आजी खोकत असते.