साडेसातचा लोड

नवीन रूम बघायला गेलात की तुम्ही काय बघता? भाडं, वायफाय, मेस किती लांब. गिझर आहे का, हेही विचारता. ब्रोकर ‘आहे ना!’ म्हणाला की विषय संपतो. खरं तर तो तिथून सुरू व्हायला हवा.

हिशेब फिजिक्सचाच आहे, पण सोपा. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. घरात येतात २३० व्होल्ट. म्हणजे २००० वॅटचा गिझर साधारण ८.७ अँपिअर ओढतो आणि बाथरूममधला तो इवलासा ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर चक्क १३! मोबाइल चार्ज करता तो छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. गिझरला १६ चा मोठा पॉवर प्लगच हवा. आणि नुसता सॉकेट मोठा असून भागत नाही, मागची वायरही तेवढी जाड हवी. दिवे-पंख्यांना १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची वायर चालते. पॉवर प्लगला २.५ ची लागते, गिझरसाठी बरेच वायरमन ४ ची ओढतात. एका फ्लॅटला पार्टिशन घालून तीन ‘सिंगल रूम’ काढल्या असतील, तर लाइटच्याच वायरवर मोठा सॉकेट ठोकलेला असू शकतो. बाहेरून काही कळत नाही. गिझर चालू असताना बोर्डाजवळ जळका वास येत असेल किंवा प्लगची पिन काळी पडली असेल, तर समजून जा आणि वायरमनला बोलवा.

गिझर नसला की येतो रॉड. १५०० वॅटचा रॉड म्हणजे ६.५ अँपिअर, म्हणजे छोट्या सॉकेटची मर्यादा ओलांडलीच. तरी तो एक्सटेन्शन बोर्डवर लागतो, त्याच बोर्डवर लॅपटॉपही असतो. मोठा प्लग छोट्या सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर मिळतो दुकानात. नका घेऊ. प्लग मोठा केलाय तो तुम्हाला छळायला नाही.

जाता जाता, जास्त वॅट म्हणजे जास्त बिल, हा समज काढून टाका. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं. रॉडला २३ मिनिटं लागतील, इन्स्टंट गिझरला १२. युनिट जवळपास तेवढंच, फरक वायरवरच्या ताणाचा.

हा ताण खरा दिसतो सकाळी साडेसातला. एक जण अंघोळीला, दुसरीकडे इंडक्शनवर मॅगी, तिसऱ्याची इस्त्री. २००० अधिक २००० अधिक १००० वॅट, म्हणजे जवळजवळ २२ अँपिअर. मग एमसीबी पडते आणि कुणीतरी शिव्या घालत ती वर करतं. वारंवार पडत असेल तर ‘जास्त अँपिअरची टाकून द्या’ असं वायरमनला सांगू नका. ती वायर जळू नये म्हणून पडते. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली, तर आधी वायर पेटेल.

पण एमसीबी वायरला वाचवते, तुम्हाला नाही. हे फार कमी जणांना माहीत असतं. १६ अँपिअरची एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. अंगातून काही दहा मिलिअँपिअर गेले तरी जीव जाऊ शकतो, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी असते. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे ती बघते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात लाइन तोडते. एमसीबीपेक्षा रुंद असते आणि तिच्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. बटण दाबल्यावर खटका खाली पडला पाहिजे. (रूममेटची असाइनमेंट डेस्कटॉपवर चालू असताना दाबू नका.)

आरसीसीबी असली तरी अर्थिंग लागतंच. प्लगमधली ती लांब, जाड पिन त्यासाठी. ती कापून टाकणारे आणि उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचणारे महाभाग प्रत्येक हॉस्टेलवर भेटतात.

तेव्हा डिपॉझिट देण्याआधी मेन बोर्ड उघडून बघा. ‘टेस्ट’चं बटण दिसलं नाही, तर मालकाला आरसीसीबी बसवायला आणि अर्थिंग तपासून घ्यायला सांगा. किल्ली हातात पडल्यावर हे काम होत नाही. आणि रॉडच वापरणार असाल, तर बादली प्लॅस्टिकची घ्या, आधी बटण बंद करा, मग प्लग काढा, मग रॉड बाहेर. पाणी तापलं का हे बघायला बोट त्यानंतरच घाला.