ब्लॉग लिहिणारीला नियमावली हवी का?

आपल्यापैकी कितीतरी जणी आता ब्लॉग लिहितात. कुणी उपवासाचे पदार्थ सांगते, कुणी बाळंतिणीची काळजी, तर कुणी द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीवर रोज तावातावाने लिहिते. लिहा, जरूर लिहा. पण अशा लिहिणाऱ्यांसाठी पक्की आचारसंहिता असावी का, हा प्रश्न आहे.

आम्ही रेडिओवर बोलतो तेव्हा आमच्यामागे परवाना असतो. आकाशवाणीची कार्यक्रम आणि जाहिरात संहिता सामुदायिक केंद्रांनाही पाळावी लागते. शिवाय प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं. त्यामुळे तक्रार आली, तर ‘आम्ही असं बोललोच नाही’ म्हणायची सोय नाही. ब्लॉग लिहिणारीला असलं काही बंधन नाही. रात्री लिहिलं, सकाळी पुसलं!

मग तिलाही तसंच बांधावं का? आधी विचारायला हवं, की दोरी कुणाच्या हातात द्यायची?

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्याबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या. दोघींना अटक झाली. तेव्हा वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं.

पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नवे नियम आणले. त्यात ऑनलाइन बातम्या देणाऱ्यांसाठी आचारसंहिता होती आणि देखरेखीची वरची पायरी सरकारच्या हाती होती. पत्रकार निखिल वागळे आणि ‘द लीफलेट’ हे संकेतस्थळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी ती संहिता सक्तीची करणाऱ्या तरतुदींना स्थगिती दिली. आम्हाला ते योग्य वाटतं. प्रेस कौन्सिल वर्तमानपत्राला समज देते, तुरुंगात टाकत नाही. संकेत वेगळा, हुकूम वेगळा.

पण म्हणून काहीच नको, असंही नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते आठवतं ना? मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा फोनवरून फिरत होत्या. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावातही त्याच रात्री जमाव एका कुटुंबावर धावून गेला. पोलिसांमुळे ते वाचलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घालण्याचं जाहीर केलं. तो ब्लॉग नव्हता, खरं. पण ‘मी फक्त पुढे पाठवलं’ हे वाक्य ब्लॉगवरही तितकंच चालतं.

म्हणून आमचं मत असं, की संहिता लिहिणारीनेच करावी आणि ब्लॉगच्या पहिल्या पानावर लावावी. माहिती कुठून मिळाली ते सांगायचं. चूक झाली तर गुपचूप पुसायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची. अपघाताचा फोटो टाकताना जखमीचा चेहरा झाकायचा. शेजारणीच्या घरातलं भांडण तिचं नाव बदलूनही लिहायचं नाही, कारण गल्लीला ती कोण ते कळतंच.

पैशाच्या बाबतीत मात्र स्वतःवर सोडून भागत नाही. ‘हे तेल लावलं आणि केस गळायचे थांबले’ असं लिहिणारीला ते तेल फुकट आलं होतं का, हे वाचणारीला कळायला हवं. तिचे कष्टाचे पैसे त्यावर जाणार असतात. इथे कायदा आहेच. पैसे, भेटवस्तू किंवा फुकट सहल, काहीही घेतलं असेल तर ते ठळकपणे आणि वाचणारीला समजेल अशा भाषेत सांगणं बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसंच केलं तर पन्नास लाखांपर्यंत. लहान ब्लॉगलाही यातून सूट नाही. अशा जाहिरातीने कुणी फसली असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फोन करण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा, कारण ते पान दुसऱ्या दिवशी तिथे असेलच असं नाही.