तोतरें बोलणें व मुलांचें मन

वर्गांत प्रश्न विचारला असतां एखादा मुलगा उभा राहतो, त्याचे ओठ हलतात, मान ताठते, आणि क्षणभरानें ‘ठाऊक नाहीं’ एवढेंच पुटपुटून तो खालीं बसतो. वास्तविक उत्तर त्यास ठाऊक असतें; परंतु त्याचें पहिलें अक्षरच तोंडून निघेना, म्हणून त्यानें अज्ञानाचें सोंग पत्करलेलें असतें.

तोतरेपणा हें बुद्धिमांद्याचें लक्षण नव्हे. बोबडेपणाहूनही तो निराळा. बोबडें मूल एका अक्षराऐवजीं दुसरें उच्चारतें, तोतर्‍या मुलास अक्षर ठाऊक असून तें सुटत नाहीं. बहुधा वयाच्या 2 ते 5 वर्षांच्या दरम्यान हा प्रकार सुरू होतो व पुष्कळांचा आपोआप नाहींसा होतो. नवल हें कीं, हींच मुलें गातांना, किंवा सर्वांबरोबर एका सुरांत कविता म्हणतांना, सहसा अडत नाहींत. वेखंड चाटविण्याचा घरगुती उपाय मग कोणत्या जिभेवर करावयाचा?

परंतु अडखळण्याहून अधिक पीडा भोवतालच्यांच्या बोलण्यानें होते. याचा दारुण दाखला अमेरिकेंतील आयोवा राज्यांत, डेव्हनपोर्ट येथील अनाथाश्रमांत, 1939 सालीं घडला. तेथील विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सन (हे स्वतः तोतरे होते) यांच्या देखरेखीखालीं मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीनें 22 मुलें प्रयोगासाठीं निवडलीं. त्यांतील 6 मुलें चांगलें बोलत असतांही, ‘तुमच्या बोलण्यांत तोतरेपणाचीं चिन्हें दिसतात, नीट बोलतां येत नसेल तर बोलूंच नका,’ अशा अर्थाचें त्यांस वारंवार सांगण्यांत आलें. तीं खरोखर तोतरीं झालीं नाहींत. पण लाजूं लागलीं, बोलण्यास कचरूं लागलीं. म्हणजे वाचा शाबूत राहिली आणि धीर तेवढा गेला! ही हकीकत 2001 सालीं वृत्तपत्रांतून उघडकीस आली, तेव्हां विद्यापीठानें क्षमा मागितली; 2007 सालीं राज्यानें 9 लाख 25 हजार डॉलर भरपाई देण्याचें मान्य केलें. तोंपर्यंत तीं मुलें म्हातारीं झालीं होतीं, कांहीं तर वारलींही होतीं.

आपल्या घरीं असला प्रयोग कोणी मुद्दाम करीत नाहीं. तथापि पाहुण्यांदेखत ‘नीट बोल, सावकाश बोल’ असें दटावणें, अथवा अडलेला शब्द आपणच पुरा करणें, याचा अर्थ मूल काय घेत असेल? वडील मंडळींनीं त्याच्या तोंडाकडे टक लावून न पाहतां, तें काय सांगतें आहे याकडे लक्ष द्यावें आणि वाक्य संपेपर्यंत थांबावें. अडखळणें टिकून राहिलें तर वाचोपचार करणार्‍या जाणत्यास दाखवावें. मुंबईंत वांद्रे येथें यासाठीं 1983 पासून राष्ट्रीय संस्था आहे.

विद्यार्थिमित्रहो, वर्गबंधूची नक्कल करून हंशा पिकविणें फार सोपें असतें. पण पुष्कळ तोतर्‍या मुलांस सर्वांत कठीण जाणारा शब्द म्हणजे स्वतःचेंच नांव. ओळीनें नांवें सांगण्याची वेळ आली कीं, आपली पाळी जवळ येतांना त्यांचे तळहात घामेजतात. अशा वेळीं पहिली पाळी हवी कीं मागाहून एकट्यानें सांगावयाचें, हें शिक्षकांनीं त्या मुलास आधींच, कोणी ऐकत नसतांना, विचारून ठेवावें.