खोलीत तिघे, पण बोलायला कुणी नाही
शिकणाऱ्यांचं मन : लेखांक ६

पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेत विजेच्या खांबांवर वर्षभर एकच चिठ्ठी चिकटवलेली असते : ‘मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा.’ आत दहा बाय बाराची खोली असते, तीन कॉट, तीन ट्रंका आणि खिडकीच्या गजांना बांधलेली दोरी. तिघे तीन जिल्ह्यांतले, तीन वेगळ्या कोर्सचे. एक पहाटे उठून अभ्यासिकेत जागा धरायला पळतो, दुसरा रात्री उशिरा कामावरून येतो, तिसरा कानात इअरफोन घालून भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. इथे एकांत नावालाही नाही. रडायचं म्हटलं तरी बाथरूमचा नळ सोडावा लागतो. तरीही हिंगोली, बुलढाणा किंवा नंदुरबारहून आलेल्या मुलाशी थोडं सैलपणे बोलत बसलं, की ‘इथं आपलं कुणी नाही’ हे वाक्य येतंच.

गेल्या आठवड्यात आपण परीक्षेच्या धास्तीबद्दल बोललो. आजचा विषय तिच्या एक पायरी अलीकडचा आहे. धास्ती तर सगळ्यांनाच वाटते, पण ती कुणाला सांगता येते आणि कुणाला नाही, यावरून पुढचं बरंच काही ठरतं.

रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले. एकात जवळचं, हक्काचं एक माणूस नसतं. दुसऱ्यात आपण ज्याचा भाग आहोत असा गोतावळा नसतो. वाइसचा मुद्दा असा की एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. आईशी रोज अर्धा तास व्हिडिओ कॉल होतो, पण कॅन्टीनमध्ये कोणत्या टेबलावर बसायचं हा प्रश्न त्याने सुटत नाही. उलट, प्रॅक्टिकलच्या वीसजणांच्या बॅचमध्ये खिदळणाऱ्या मुलीला रात्री दोन वाजता फोन करावा असं एकही नाव सापडत नाही. ‘चार मित्र कर, बाहेर पड’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला म्हणूनच निम्म्या वेळा वाया जातो. कशाची उणीव आहे, हे विचारण्याआधीच तो दिलेला असतो.

शिकागो विद्यापीठातल्या जॉन कॅसिओपो यांनी एकटेपणाच्या अभ्यासात कारकिर्दीतली बरीच वर्षं घातली. त्यांच्या मते एकटेपणा हा आजार नाही. भूक लागली की शरीर अन्न शोधायला लावतं, तसा एकटेपणा माणसं शोधायला लावतो. अडचण पुढे येते. तो फार दिवस टिकला की मन माणसांकडे जाण्याऐवजी त्यांच्यापासून सावध होऊ लागतं. मेसेजवर निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही, की ‘तो बसमध्ये असेल’ हे सुचत नाही. ‘त्याला मी नकोच आहे’ हे सुचतं. लेक्चरला मागे कुणी हसलं की ते आपल्यालाच. मग असा मुलगा आधीच तुटकपणे बोलतो, समोरचा दुरावतो आणि त्याची शंका खरी ठरते. झोपही तुकड्या-तुकड्यांची होते. कॅसिओपो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एकटेपणावरच्या उपायांचे प्रयोग एकत्र तपासले. संभाषणकौशल्य शिकवणं, गाठीभेटी घडवून आणणं, आधारगट करणं आणि लोकांविषयी मनात बसलेले हे उलटे अंदाज दुरुस्त करायला मदत करणं, अशा चार वाटा होत्या. सर्वाधिक गुण शेवटच्या वाटेने आला. कॉलेजात ‘फ्रेशर्स पार्टी’ केली की काम झालं असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

पण सगळं खापर त्या मुलाच्या मनातल्या अंदाजांवर फोडून कसं चालेल? काही वेळा अंदाज बरोबरच असतो.

तालुक्याच्या शाळेत पहिला आलेला मुलगा कॅप राउंडमधून शहरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजात येतो. पहिल्या आठवड्यात सगळं इंग्रजीत चालतं, शंका विचारायला तोंड उघडत नाही. तोंडून ‘काहून’ निघालं की बाकावर खसखस पिकते. मग नाव-गाव विचारण्याआधी एक प्रश्न येतो : ‘सीईटीला किती होते?’ हा प्रश्न दिसतो गुणांचा, पण बरेचदा तो जात काढण्यासाठी विचारलेला असतो, हे विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. त्या उत्तरावर कोण कोणाच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये जाणार हे ठरत असेल, तर त्या मुलाच्या एकटेपणाला ‘न्यूनगंड’ म्हणणं ही लबाडी आहे. आत्महत्या केलेले विद्यार्थी रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, ती उच्च शिक्षणसंस्थांमधल्या जातीय भेदभावाविरुद्ध. समुपदेशक कितीही चांगला असो, वर्गाने वाळीत टाकलेल्याला तो वर्गात परत बसवू शकत नाही. ते काम वर्गशिक्षकाचं, विभागप्रमुखाचं आणि प्राचार्यांचं आहे.

घरी तर सांगता येतच नाही. फीसाठी कर्ज काढलेलं असतं, कुठे एखादा एकर गेलेला असतो. रात्री नऊचा फोन ठरलेला आणि त्यातली उत्तरंही : जेवलो, अभ्यास चालू आहे, सगळं ठीक आहे. पहिल्या सत्राला दोन विषय राहिले, केटी लागली, की हा फोन आणखी छोटा होतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही आणि त्यावरचं जुनं उत्तरही आपल्याकडेच आहे. घर सोडून शिकायला आलेल्याला फी आणि पुस्तकांइतकीच पंगत लागते, हे इथे फार आधी ओळखलं गेलं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभारायला चालना दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राबत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, तीही खेड्यातून येणाऱ्यांसाठी. या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. कोल्हापुरातली बरीचशी वसतिगृहं जातवार होती, आणि वसतिगृह म्हटलं की रॅगिंग आणि खाष्ट रेक्टर हेही आलंच. पण एखादा मुलगा दोन दिवस पंगतीला नसेल, तर ते कुणाच्या तरी लक्षात येत असे.

आता सरकार वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना पैसे देतं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. या योजना हव्यातच, त्यांच्याशिवाय हजारो मुलं शहराचं तोंडही बघू शकणार नाहीत. तरी खात्यात आलेल्या हप्त्यातून कॉट मिळते, सोबत मिळत नाही. वसतिगृहाला पर्याय म्हणून रोख रक्कम देताना आपण छपराचा हिशेब केला, पंगतीचा केला नाही.

त्यातल्या त्यात पंगतीच्या जवळ जाणारी जागा म्हणजे मेस. महिन्याचे पैसे भरले की मेसवाले काका-काकू वहीत रोजची नोंद ठेवतात, गावी गेलात तर ‘खाडा’ धरतात. चार दिवस न सांगता खाडा पडला, की काकू विचारतात, ‘काय रे, बरं नव्हतं का?’ मानसशास्त्राची कुठलीही पदवी नसलेली ही बाई अनेकदा रेक्टरच्या आधी ओळखते, कोणाचं बिनसलंय. डबा खोलीच्या दाराशी टांगून जाणारी पद्धत सोयीची आहे, पण डबा कुणाच्या पोटात गेला आणि कुणी तो तसाच कुत्र्याला घातला, हे टांगणाऱ्याला कळत नाही. कॉलेजांनी आसपासच्या मेसचालकांची वर्षातून एकदा बैठक घेऊन ‘असं काही दिसलं तर या नंबरवर कळवा’ एवढं सांगितलं, तर पाच पैसेही खर्च होणार नाहीत. मला तरी हा उपाय दहा पोस्टर-स्पर्धांपेक्षा मोलाचा वाटतो.

नुसत्या धीराच्या शब्दांपेक्षा आसपासची माणसं मोलाची, याला संशोधनाचाही आधार आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका नामांकित कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना तासाभराच्या एकाच बैठकीत वरच्या वर्गांतल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले : सुरुवातीला आम्हालाही इथे परकं वाटलं, सगळ्यांनाच वाटतं, हळूहळू ते ओसरतं. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेली तफावत निम्म्यावर आली. इतक्या स्वस्त उपायाला सगळेच भुलले. मग २०२३ मध्ये २२ संस्थांतल्या जवळपास २७ हजार विद्यार्थ्यांवर तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा एक अट पुढे आली. जिथे त्या मुलांना सामावून घेणारं वातावरण खरोखर होतं, तिथेच उपाय लागू पडला. जिथे ते नव्हतं, तिथे नुसत्या धीराच्या शब्दांनी फारसं काही साधलं नाही.

आता कठीण भाग. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रात. यात शाळकरी मुलंही आहेत आणि प्रत्येक घटनेमागे एकटेपणाच असतो असं मुळीच नाही. आत्महत्येमागे सहसा एकच एक कारण नसतं. पण सांगायला माणूस असणं हा बचावाचा मोठा आधार आहे.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांमधल्या या प्रश्नासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमलं. त्याच वर्षी जुलैमध्ये दुसऱ्या एका निकालात शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा, हे त्यातलं एक. कागदावर हे उत्तमच आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एखाद्या प्राध्यापकाचं नाव ‘समुपदेशन कक्ष’ म्हणून पाटीवर लिहिलं जातं. कक्ष ऑफिसशेजारी, काचेच्या दाराचा. वेळ अकरा ते एक, म्हणजे नेमकी लेक्चरची. अंतर्गत गुण ज्याच्या हातात आहेत, त्याच्याकडेच मन मोकळं करायला कोण जाईल?

कुणाकडे जायचं याचा गोंधळही बराच असतो. समुपदेशक ऐकून घेतो, विचारांची गुंतवळ सोडवायला मदत करतो; औषध देत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि मानसोपचार करतो. तोही औषध देत नाही. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हा डॉक्टर असतो आणि गरज असेल तर औषध लिहून देतो. करमत नाही, मन लागत नाही, एवढ्यावर थेट गोळ्या सुरू होत नाहीत. पण झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली, अंघोळ सुटलेली, कशातच रस उरलेला नाही, अशी अवस्था असेल तर ती नुसती घरची आठवण नव्हे, तिथे तज्ज्ञच हवा.

‘घरी कळेल का’ ही भीती सगळ्यात मोठी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, मध्ये कलम २३ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. त्याला किंवा इतर कुणाला इजा होण्याचा धोका असेल, अशा मोजक्याच प्रसंगी त्याला अपवाद आहे. याच कायद्याच्या कलम ११५ मुळे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच आधी गृहीत धरलं जातं, तिच्यावर खटला भरायचा नसतो. मित्राला दवाखान्यात न्यायला ‘पोलीस केस होईल’ म्हणून कचरणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

रूमपार्टनरांसाठी एक गोष्ट. ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं कुणी वारंवार म्हणू लागला, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, अचानक सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं बोलू लागला, तर सरळ विचारा : जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचा विचार येतो का? विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, हा गैरसमज आहे. आजवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर मुळीच देऊ नका. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. जीव धोक्यात वाटला तर आधी १०८ किंवा जवळचं रुग्णालय.

आणि पालकांना एक विनंती. प्रवेशाच्या वेळी तुम्ही प्लेसमेंटचा आकडा विचारता, पॅकेज विचारता. पुढच्या वेळी त्याच टेबलावर आणखी एक प्रश्न विचारा : समुपदेशक पूर्णवेळ आहे का, आणि त्याच्या हातात माझ्या मुलाचे गुण तर नाहीत ना? शंभर पालकांनी एकाच हंगामात हा प्रश्न विचारला, तर पाटीवरचं नाव बदलायला कॉलेजला पुढच्या निकालाची वाट पाहावी लागणार नाही.

(पुढील लेखांकात : ‘केटी’ लागल्यानंतरचे सहा महिने)